टाळेबंदीतील एकटेपण आणि मुलांची चित्रकविता

वाचनासाठी : स्तोत्रसंहिता ८८; १०२ : १-११; ईयोब २ : ११-१३

शिक्षकबंधुभगिनींनो, या महिन्याचा पाठ नेहमीपेक्षा निराळा आहे. यात पाठांतर नाही, प्रश्नोत्तरेही नाहीत. कागद, पेन्सिल आणि असतील तर रंगाच्या कांड्या, एवढेच सामान लागेल. विषय मात्र जड आहे. कोरोनाच्या साथीत मुलांच्या मनात जे एकटेपण आणि जी धास्ती शिरली, तिला चित्राने आणि चार ओळींच्या कवितेने वाट कशी करून द्यावी, हा तो विषय. जामसांवली, सौंसर आणि पांढुर्णा या पट्ट्यातील वर्ग डोळ्यांपुढे ठेवून आम्ही लिहीत आहोत. इतर ठिकाणच्या शिक्षकांनी आपापल्या गावाप्रमाणे त्यात फेरफार करावा.

कोणी म्हणेल, साथ जाऊन वर्षे लोटली, आता जुने कशाला उकरून काढायचे? थोडा हिशेब करून पाहा. २०२० साली जे मूल पाच वर्षांचे होते ते आज दहा वर्षांचे किंवा त्याहून मोठे झाले आहे. त्या वेळी आपल्याला काय होत आहे हे सांगण्याजोगे शब्द त्याच्याजवळ नव्हते. ते आता कोठे येऊ लागले आहेत. तेव्हा आपण उशीर केला असे समजण्याचे कारण नाही. उलट या मुलांच्या बाबतीत बोलण्याची वेळ आताच आली आहे.

त्या दिवसांत काय घडले ते थोडक्यात आठवू या. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. देवळे, मशिदी, चर्च सगळी बंद झाली आणि जूनच्या ८ तारखेपर्यंत उघडली नाहीत. जामसांवलीच्या हनुमान मंदिराला मंगळवारी व शनिवारी केवढी गर्दी असते हे या भागातील प्रत्येकाला माहीत आहे. शरीराचे दुखणे तर खरेच, पण मनाने खचलेली, घाबरलेली माणसेही तेथे दूरदुरून आणली जातात. आपली श्रद्धा निराळी आहे. परंतु मनाचे ओझे घेऊन कोणाच्या तरी दाराशी जावे ही माणसाची गरज सगळीकडे सारखीच. त्या अडीच महिन्यांत नेमकी तीच दारे लावलेली होती. आपल्या मंडळ्यांचा १२ एप्रिलचा ईस्टर घरात बसून गेला. नागपूरहून उत्तरेकडे येणाऱ्या रस्त्यांनी मजूर डोक्यावर गाठोडी घेऊन पायी चालले होते आणि दाराच्या फटीतून मुले ते पाहत होती. पुढच्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट आली. खाटा मिळेनात, ऑक्सिजन मिळेना. माणूस दवाखान्यात गेला तो परत दिसला नाही, असे कित्येक घरांत झाले. अंत्यविधीला मोजकी माणसे. मुलांना तर कोणी नेलेच नाही. ‘आजोबा गावाला गेलेत’ असे सांगून वेळ मारून नेण्यात आली.

ज्यांचे आईवडील दोघेही गेले त्या मुलांसाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये योजना काढली, आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये मिळण्याची सोय केली. ते योग्यच झाले. पण ज्याचा आजा गेला, ज्याची वर्गातली मैत्रीण गेली, किंवा ज्याचे कोणीच गेले नाही पण जो दोन वर्षे एका खोलीत घाबरून बसला, त्याचे नाव कोणत्याही यादीत नाही. असली मुले आपल्या वर्गात आहेत. ती वचने म्हणतात, गीते गातात, आणि रात्री कोणाला खोकला आला की उठून बसतात.

दु:ख कागदावर यायला वर्षे लागतात, याचे दाखले आपल्याच जवळ आहेत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मध्य प्रांत व वऱ्हाड या मुलखाला फार मोठा तडाखा दिला. ब्रिटिश हिंदुस्थानातील ज्या प्रांतांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत जास्त होते, त्यांत हा एक होता. सौंसर आणि पांढुर्णा त्या वेळी याच प्रांतात, छिंदवाडा जिल्ह्यात होते. (२०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला.) त्याच साथीत हिंदी कवी सूर्यकांत त्रिपाठी ‘निराला’ यांची पत्नी आणि घरातील इतर माणसे गेली. तेव्हा ते ऐन विशीत होते. गंगेत प्रेतांची जी दाटी त्यांनी पाहिली तिचे वर्णन त्यांनी ‘कुल्ली भाट’ या पुस्तकात केले आहे, आणि ते पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे मध्ये वीस वर्षे गेली. आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचेही तसेच. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढची काही वर्षे या बाईंनी नवऱ्यापासून दूर, लोकांची बोलणी ऐकत काढली. ‘स्मृतिचित्रे’ छापून आली ती १९३४ पासून पुढे. त्या पुस्तकाचे नावच पाहा. आठवण सांगायची तर त्यांना चित्राचा शब्द घ्यावासा वाटला. मग दहा-अकरा वर्षांच्या मुलाला पाच वर्षे लागली तर त्यात नवल नाही.

आता वाचनाचा भाग उघडा. १०२ वे स्तोत्र वर्गात मोठ्याने वाचा आणि मुलांना एवढेच विचारा, की यात किती चित्रे दिसली? भराभर हात वर होतील. चुलीसारखी तापलेली हाडे आहेत. सुकलेले गवत आहे. ओसाड जागेतले घुबड आहे. रात्रभर जागा असलेला आणि छपरावर एकटाच बसलेला पक्षी आहे. भाकरीच्या जागी राख आहे. लांबत जाणारी सावली आहे. ज्याने हे लिहिले त्याने ‘मला एकटे वाटते’ असे म्हणून काम संपवले नाही. त्याने पक्षी दाखवला. लहान मुलांना याहून सोपे काही नाही, कारण मुले मुळात चित्रानेच विचार करतात. आपण मोठी माणसे त्यांना ‘भावना’, ‘चिंता’, ‘ताण’ असले कोरडे शब्द शिकवतो, आणि मग मूल गप्प बसते.

८८ वे स्तोत्र त्याहून जवळचे वाटेल. ओळखीची माणसे दूर झाली आहेत, आपण कोंडले गेलो आहोत आणि बाहेर पडता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. विलगीकरणाच्या खोलीत पंधरा दिवस काढलेल्या माणसाला ते समजावून सांगावे लागणार नाही.

युरोपात सुमारे बाराशे वर्षांपूर्वी, म्हणजे इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, फ्रान्समधील रीम्स शहराच्या परिसरात स्तोत्रसंहितेची एक हस्तलिखित प्रत तयार झाली. ती आज हॉलंडमधील उट्रेख्त विद्यापीठात आहे, म्हणून तिला उट्रेख्तची स्तोत्रसंहिता म्हणतात. प्रत्येक स्तोत्राबरोबर शाईने काढलेले एक चित्र आहे. या चित्रकारांची एक गंमत शिक्षकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. स्तोत्रात जो अलंकार असेल तो त्यांनी अगदी शब्दश: काढून ठेवला. ४४ व्या स्तोत्रात देव झोपी गेला की काय अशी तक्रार आहे आणि त्याला जागे होण्याची विनवणी आहे. चित्रकाराने सरळ एक बिछाना काढला, त्यावर प्रभूला निजवले आणि भोवती त्याला उठवणारे देवदूत उभे केले! आजच्या एखाद्या पाळकाने असे चित्र फळ्यावर काढले तर मंडळीत कुजबुज होईल. परंतु त्या साधूंना त्यात काही गैर वाटले नाही. मनात जे आहे ते तसेच काढावे, ही मोकळीक त्यांनी घेतली.

तीच मोकळीक आपल्या मुलांना द्यावयाची आहे, आणि त्यासाठी मराठी भाषेने आधीच मोठे भांडार भरून ठेवले आहे. आपण रोज काय बोलतो ते ऐका. घर खायला उठते. जीव टांगणीला लागतो. पोटात गोळा येतो. काळजात धस्स होते. डोळ्याला डोळा लागत नाही. तोंडचे पाणी पळते. अंगण ओकेबोके दिसते. हे सगळे चित्रच आहे, फक्त वापरून वापरून आपल्याला ते दिसेनासे झाले आहे. मुलाला म्हणा, ‘घर खायला उठते म्हणतात ना? मग त्या घराचे तोंड काढ. दात कोठे आहेत? ते कोणाला आधी खाते?’ मुले हसतील, आणि हसता हसता काढू लागतील. त्या चित्राखाली चार ओळी कशा येतील त्याचा नमुना आम्ही खाली देतो. तो आम्हीच रचला आहे. मुलांना दाखवण्यापूर्वी त्यांना स्वत:चा प्रयत्न करू द्यावा.

घर मला खायला उठलं.
आधी आजोबांची खुर्ची खाल्ली,
मग त्यांची काठी.
मी पलंगाखाली लपलो.

यमक नाही, मात्रा नाहीत, तरी चालेल. यमकाच्या मागे लागले की मूल खरे सोडून सोयीचे लिहू लागते.

भाषेविषयी एक गोष्ट याच भागातील शिक्षकांसाठी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. त्यामुळे येथे शाळेची भाषा बहुतेक हिंदी आणि घराची भाषा मराठी, तीही नागपुरी-वऱ्हाडी वळणाची, अशी स्थिती आहे. पुष्कळ मुलांना मराठी बोलता येते पण लिहिताना हात अडतो. अशा वेळी शुद्धलेखन तपासत बसू नये. ‘मले करमत नोहतं’ असे मुलाने लिहिले तर ते तसेच राहू द्यावे. हिंदीत लिहिले तरी हरकत नाही. ‘करमत नाही’ याला हिंदीत नेमका शब्द सापडत नाही, हे मुलांनाच शोधून काढू द्या; तो शोध त्यांना आवडेल.

चित्र आणि काव्य एकत्र मांडणे ही काही परदेशातून आणलेली युक्ती नव्हे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तेथील ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यानपिढ्या हेच करीत आले. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. एकेक चित्र पुढे धरायचे आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने त्याचे गाणे म्हणायचे. ही कला टिकवून धरणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली. आणि आपल्याच मध्य प्रदेशात गोंडांच्या कथा गाणारे परधान भाट आहेत. त्यांच्यातील पाटणगढचा जनगढ सिंह श्याम हा तरुण १९८० नंतर भोपाळच्या भारत भवनात आला आणि जे वाडवडिलांनी बाण्यावर गायिले ते तो रंगांत काढू लागला.

वर्गात काय करावे

पहिल्या रविवारी फक्त बोलणे आणि वाक्प्रचारांचा खेळ. दुसऱ्या रविवारी चित्र. ओळी तिसऱ्या रविवारी. हे सगळे एकाच तासात उरकण्याचा मोह टाळावा. आमच्या मते चित्र आधी आणि शब्द नंतर हाच क्रम बरा, कारण चित्र काढल्यावर मुलाला सांगण्यासारखे काहीतरी हातात असते. मोठ्या मुलांपैकी कोणी उलट क्रमाने जाऊ म्हणाले तर जाऊ द्यावे.

काही मुलांना सुरुवातच सुचत नाही. त्यांच्यासाठी विलापगीत या पुस्तकाचा आधार घ्यावा. यरुशलेमेच्या नाशावरचा तो शोक आहे, आणि तरीही तो इब्री वर्णमालेच्या बावीस अक्षरांवर बांधला आहे. पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या अध्यायात बावीस बावीस वचने, एकेक अक्षराला एकेक. तिसऱ्यात एका अक्षराला तीन, म्हणून सहासष्ट. पाचव्यात वचने बावीसच, परंतु अक्षरांचा क्रम सुटला आहे. दु:खाने माणूस सैरभैर होतो तेव्हा अक्षरांची पायरी पाय ठेवायला उपयोगी पडते. मुलाला सहाच अक्षरे द्या :

अंगणात कोणी नाही.
आई फोनवर रडते.
इथंच बस म्हणाली.
ईस्टरचे नवे कपडे पेटीतच.
उन्हात रस्ता मोकळा.
ऊठसूट हात धुतो.

हाही आमचाच नमुना. शेवटच्या ओळीला हसू येईल. येऊ द्या.

मंडळीतील वृद्धांना विसरू नका. साथीत सर्वांत जास्त धोका त्यांना, म्हणून सर्वांत जास्त कोंडले तेच गेले, आणि कित्येकांची ती कोंडी अजून सुटलेली नाही. मुले पुण्याला किंवा नागपूरला, येथे घरात एकटी म्हातारी. तिला लिहिता येत नसेल, तर बहिणाबाई चौधरींची आठवण करा. त्यांना अक्षरओळख नव्हती. काम करता करता त्या ओव्या म्हणत आणि सोपानदेव व घरातील मंडळी त्या उतरून घेत. बहिणाबाई १९५१ मध्ये वारल्या आणि १९५२ मध्ये त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या. आपल्या वर्गातील एकेका मुलाने एकेका आजीकडे जावे, ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहावे, आणि त्याचे चित्र आपण काढावे. आजी कवितेत बोलणार नाही, साधेच बोलेल. पण तिच्या बोलण्यातली तीन वाक्ये एकाखाली एक लिहून पाहा.

दुसऱ्या महायुद्धात टेरेझिन येथे नाझींनी यहुद्यांना कोंडून ठेवले होते. तेथे फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची एक चित्रकार मुलांचे चोरून वर्ग घेई. कागद मिळत नसे, तेव्हा वापरलेल्या कागदांच्या पाठी घेत. मुलांना तिथे नुसते नंबर होते; ती मात्र प्रत्येक चित्रावर मुलाला स्वत:चे नाव लिहायला लावी. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशविट्झला नेले आणि तेथे मारले. जाण्यापूर्वी तिने मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे दोन पेट्यांत भरून ठेवली होती. ती युद्धानंतर मिळाली आणि आज प्रागच्या संग्रहालयात आहेत. त्या पेट्यांतील चित्रे काढणारी बहुतेक मुले वाचली नाहीत. आपली टाळेबंदी आणि ती छावणी यांची बरोबरी कोणी करू नये. आम्ही हे सांगतो ते नावासाठी. आपल्या वर्गातही प्रत्येक कागदावर नाव आणि तारीख मुलानेच घालावी.

आता सावधगिरीचे बोलतो. हा पाठ घेतल्यावर मुले लगेच हलकी होतील अशी अपेक्षा धरू नका. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये आपल्या एका सहकारी बाईंबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे आयुष्यातील अत्यंत दु:खद गोष्टीविषयी लिहायला सांगितले. लिहून झाल्यावर त्यांना आधीपेक्षा वाईटच वाटले. पण ज्यांनी घडलेली गोष्ट आणि तिच्याविषयीची भावना अशी दोन्ही लिहिली, त्यांच्या दवाखान्याच्या खेपा पुढील महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. म्हणून चित्र काढून मूल रडले तर पाठ बिघडला असे समजू नये. मात्र तास संपण्यापूर्वी दहा मिनिटे राखून ठेवावी. गीत गावे, पाणी प्यावे, मग घरी सोडावे. रडत्या मुलाला तसेच दारातून बाहेर पाठवू नये.

दुसरे, चांगला शेवट मागू नका. ही चूक संडेस्कूलमध्ये फार होते. मुलाने काळी खोली काढली की आपण म्हणतो, ‘आता कोपऱ्यात एक सूर्य काढ बरे.’ ८८ वे स्तोत्र पुन्हा वाचून पाहा. त्यात सूर्य नाही. ते अंधारातच संपते, आणि ज्यांनी स्तोत्रांचा संग्रह केला त्यांनी त्याला आणखी एक कडवे जोडले नाही. मुलाने स्वत:हून सूर्य काढला तर आनंद आहे.

तिसरे, उपदेश. ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भुईवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. बिघडले ते त्यांनी बोलायला तोंड उघडल्यावर. मुलाचे चित्र पाहताना ‘हे काय काढले आहेस, मला सांग’ एवढे विचारावे आणि ऐकावे. ‘देवाची तशी इच्छा होती’ हे वाक्य या तीन रविवारी कोणीही उच्चारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एखाद्या चित्रात किंवा ओळीत मूल स्वत:ला इजा करण्याविषयी बोलत असेल, घरात मारहाण होत असल्याचे दिसत असेल, किंवा महिनोन्महिने झोप नाही, जेवण नाही असे कळले, तर ते काम कवितेचे नव्हे. त्याच दिवशी पाळकांना व घरच्या विश्वासू माणसाला सांगावे, आणि डॉक्टरांकडे न्यावे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मनाच्या दुखण्यासाठी शासनाने ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सेवा चालू केली आहे, तिचा क्रमांक १४४१६. तेथे मराठीत व हिंदीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. हे दोन्ही क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवावेत.

कागदांचे पुढे काय करावे, असा प्रश्न शिक्षक विचारतील. स्पर्धा घेऊ नये, क्रमांक काढू नयेत, हे तर उघडच आहे. चर्चच्या व्हरांड्यात लावायचे झाल्यास प्रत्येक मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना विचारून लावावे. ज्यांनी नको म्हटले त्यांचे कागद पाकिटात घालून त्यांच्याच हाती द्यावेत. मोबाईलवर फोटो काढून मंडळीच्या ग्रुपवर टाकू नयेत. ज्यांनी ठेवा म्हटले त्यांचे कागद एका जाड पुठ्ठ्याच्या फाईलीत वर्षावार लावावेत व ती फाईल चर्चच्या कपाटात रजिस्टरांबरोबर ठेवावी.

प्रत्येक वर्गात एखादे मूल तीनही रविवारी काहीच काढणार नाही. त्याला आग्रह करू नये. त्याचा कोरा कागदही इतरांच्या कागदांबरोबर गोळा करावा, त्यावर त्याला नाव व तारीख घालू द्यावी, आणि तो फाईलीत त्याच्या जागी लावावा. पुढे कधी त्याने मागितला तर काढून द्यावा.